मोठ्या संख्येचे मर्म : नऊ एकांचा वर्ग

तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तेथील घोडेबाजारात लाखांचे बोल मुलांच्या कानी पडतात. परंतु तीच मुले शाळेत सतरा अंकी संख्या पाहताच पाटी खाली ठेवतात. हे भय घालविण्यास पुढील पाठ उपयोगी पडावा.

प्रथम फळ्यावर ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१ आणि ११११ × ११११ = १२३४३२१ हे गुणाकार करून घ्यावेत. पुढील उत्तर मुलांनीच ओळखावे. नऊ एकांपर्यंत गेले म्हणजे १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकंपासून परार्धापर्यंत जी अठरा स्थाने दिली आहेत, त्यांतील सतराव्या, म्हणजे 'मध्य' या स्थानापर्यंत ही संख्या पोचते. त्याच आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावाजवळ पाटण येथे आहे.

असे का होते, हा प्रश्न येथेच विचारावा. गुणाकारात तीच ओळ दर वेळी एक घर डावीकडे सरकवून नऊदा लिहिली जाते. म्हणून उभ्या घरांतील एक मोजले असता १, २, ३ असे वाढत ९ पर्यंत जातात व पुन्हा उतरतात. कोठेही हातचा येत नाही. त्यामुळे आकृती सुबक राहते.

आता दहा एक घेण्यास सांगावे. मुले जुन्या चालीवर उत्तर देऊ पाहतील. पण मधल्या घरात १० येतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होते. नऊ उदाहरणे जुळली म्हणून दहावे जुळेलच असे नाही, हा या पाठाचा गाभा होय. ज्यास कारण कळले, त्यास नियम कोठे संपतो तेही कळते.

दुसरी कसोटी विभाज्यतेची. या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ असल्याने तिला ९ ने निःशेष भाग जातो. मात्र ८१ ने भाग जातो तो या बेरजेमुळे नव्हे. नऊ एकांची बेरीज ९ असल्याने मूळ संख्येस ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गास ९ × ९ ने जातो. हा भेद मुलांकडून वदवून घ्यावा.

अशा संख्यांचा छंद एका शाळामास्तरांनी जन्मभर जोपासला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे १९३० ते १९६२ पर्यंत देवळाली येथे शिक्षक होते. प्रस्तुत संख्या त्यांच्या 'डेम्लो' संख्यांपैकीच आहे. आणि त्यांनी १९४९ मध्ये शोधलेला ६१७४ हा अंक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या हाती साधने होती ती कागद, लेखणी आणि चिकाटी एवढीच. ती प्रत्येक खेड्यातील शाळेत आहेत.

गृहपाठ : १२३४५६७९ ला ९ ने गुणावे. उत्तर पाहून, या संख्येत ८ का नाही, याचा विचार करावा.