खोका उलटा करून वाचा

नाश्त्याचं सीरिअल घेताना खोक्याची पुढची बाजू वाचायचीच नाही, असा आता आमच्या घरचा नियम आहे. पुढची बाजू कंपनीच्या जाहिरातवाल्यांची. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत जे छापलेलं असतं ते कायद्याने छापावं लागतं म्हणून छापलेलं असतं, आणि आपल्या कामाचं तेवढंच.

हा नियम आला ह्यांच्या रक्तातल्या साखरेमुळे. निवृत्तीनंतर ह्यांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, तेव्हा एचबीएवनसी ६.१ निघाला. साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी ही तपासणी. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर आणि ६.५ झाला की मधुमेहाच्या घरात, असं डॉक्टरांनी समजावलं. ह्यांनी त्याच दिवशी चहातली साखर सोडली. मुलगा पुण्याहून आला तो म्यूस्लीचा भला मोठा खोका घेऊन. वर बदाम, मधाची धार, ओट्सची लोंबी आणि कोपऱ्यात लाल हृदय. ‘बाबा, आता पोहे-उपमा बंद,’ असं फर्मान निघालं. सकाळची फोडणी वाचली म्हणून मीही त्याला दुजोरा दिला. पुढच्या तपासणीत आकडा ६.६. ह्यांचं पहिलं मत, लॅबचीच चूक असणार.

डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. आमच्या सुनेच्या वयाची मुलगी. दिवसभरात काय-काय खाता ते लिहून घेताना तिचं पेन म्यूस्लीपाशी थांबलं. म्हणाली, “काकू, पुढच्या वेळी तो खोका घेऊन या. आणि काका रोज ज्या भांड्यात खातात ते भांडंही.”

नेलं. तिने टेबलावर छोटा वजनकाटा ठेवला, त्यावर आमचा स्टीलचा वाडगा, आणि ह्यांना म्हणाली, “रोज घेता तेवढं घाला.” ह्यांनी सवयीने घातलं, कडेला जरा जागा दिसली म्हणून आणखी थोडं घातलं. काट्यावर आलं ७५ ग्रॅम. खोक्यावर एका वेळचं प्रमाण लिहिलं होतं ३० ग्रॅम. साखर १०० ग्रॅमला २४, म्हणजे ह्यांच्या वाडग्यात १८ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तर साडेचार चमचे. “त्यातली थोडी मनुकांची आहे,” ती म्हणाली, “पण बरीचशी वरून घातलेली. काका, चहातले दोन चमचे सोडलेत आणि इथून साडेचार घेताय.”

“अहो, पण ती मधाची आहे ना?” ह्यांनी विचारलं.

मधाची असो, गुळाची असो की खजुराच्या पाकाची, रक्तात गेल्यावर सगळी एकाच रांगेत बसते, असं तिचं उत्तर. ‘साखर घातलेली नाही’ असं पुढे ठसठशीत लिहून मागे गूळ किंवा सिरप मिरवणारी पाकिटंही तिने आम्हाला दाखवली.

मग बदामांचा हिशेब. चित्रात बदामांचा पाऊस, पण घटकांच्या यादीत बदाम दीड टक्का. अर्धा किलोच्या खोक्यात साडेसात ग्रॅम, म्हणजे सहा-सात बदाम. चित्रातली स्ट्रॉबेरी तर आत नव्हतीच; ‘सादर करण्याची पद्धत’ अशा अर्थाची एक ओळ तिच्याखाली होती. घरी आल्यावर ह्यांनी उरलेला खोका परातीत ओतून बदामाचे काप वेचले. किती निघाले ते विचारू नका, पण त्या दिवसापासून ह्यांचा खोक्यांवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

तर दुकानात उभं असताना काय बघायचं?

आधी घटकांची यादी. नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. पहिल्या तिनांत साखर दिसली तर खोका परत फळीवर. पण साखर नेहमी साखर या नावाने येत नाही. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मध, गूळ ही सगळी त्याच घरातली मंडळी. माल्टोडेक्स्ट्रिन नावापुरतं साखर नाही, तरी रक्तात त्याची साखर झटकन होते. चार वेगळ्या नावांनी थोडं-थोडं घातलं की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि पहिला नंबर सभ्यपणे ओट्सला किंवा मक्याला मिळतो. म्हणून ही नावं कुठे-कुठे आहेत तेही बघायचं. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे एकाहून जास्त धान्यं, बस. त्यात कोंड्यासकट अख्खं धान्य किती आणि मैद्यासारखं चाळलेलं पीठ किती, हे त्या शब्दातून कळत नाही. ज्या घटकाचं नाव किंवा चित्र मिरवलं असेल त्याचे टक्के यादीत द्यावे लागतात. तेव्हा नाचणीचं चित्र दिसलं की नाचणीपुढचा कंसातला आकडा आधी शोधा.

मग पोषणाचा तक्ता. त्यात १०० ग्रॅमचाच रकाना वाचायचा, ‘प्रति सर्व्हिंग’चा नाही. सर्व्हिंग कंपनी ठरवते, आणि ३० ग्रॅममध्ये काहीही थोडंच दिसतं. आपल्याकडे १०० ग्रॅमला ५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर ‘कमी साखर’ असा दावा करता येत नाही आणि ६ ग्रॅम तंतू असल्याशिवाय ‘भरपूर फायबर’ म्हणता येत नाही. मी स्वतः साखरेची मर्यादा १० वर आणली आहे. पाचच्या आतलं मिळालं तर उत्तम, पण सुका मेवा असला की आकडा थोडा चढतोच. ‘एकूण साखर’ आणि ‘वरून घातलेली साखर’ असे दोन आकडे हल्ली वेगळे दिलेले असतात. त्यातला दुसरा जास्त महत्त्वाचा.

टक्क्यांच्या रकान्यातही एक गोम आहे. आपल्याकडच्या लेबलवर हे टक्के दिवसाला ५० ग्रॅम साखर धरून काढलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ५० ही वरची मर्यादा. साधारण २५ च्या आत राहिलात तर आणखी चांगलं, असं ती म्हणते. म्हणजे खोक्यावर १४ टक्के दिसले तरी काटकसरीने वागणाऱ्याच्या दृष्टीने ते २८ असतात.

सोडियमकडे कोणी बघत नाही. कॉर्नफ्लेक्स खारट लागत नाहीत, तरी मीठ असतं, आणि मसाला ओट्समध्ये तर विचारूच नका. रक्तदाब असलेल्यांनी दिवसाच्या २,००० मिलिग्रॅम सोडियमच्या मर्यादेशी, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मिठाशी, तो आकडा ताडून पाहावा. आणि ‘इतकी प्रथिने’ असा पुढे बोर्ड असेल तर त्याखाली ‘दुधासह’ लिहिलंय का ते बघा. घरचं दूध आपण ओतायचं आणि श्रेय खोक्याने घ्यायचं!

एवढं झाल्यावर मी म्यूस्लीचा इतिहास वाचून काढला, रागानेच. १९०० च्या सुमारास झुरिकच्या डॉ. बिर्खर-बेनर यांनी आपल्या रुग्णांसाठी हा पदार्थ काढला. त्यात ओट्स जेमतेम एक मोठा चमचा, तेही आदल्या दिवशी पाण्यात भिजवलेले. खरा ऐवज म्हणजे सालासकट किसलेलं सफरचंद, शिवाय लिंबाचा रस, थोडं आटवलेलं गोड दूध आणि बदाम किंवा हेझलनटचं कूट. म्हणजे मूळ म्यूस्ली हा फळाचा पदार्थ. आज त्या नावाने जे मिळतं त्यात बऱ्याचदा कॉर्नफ्लेक्स, पाकवलेली पपई आणि साखरेत भाजलेले ओट्सचे गोळे असतात. कॉर्नफ्लेक्सची कथाही अशीच. अमेरिकेतल्या बॅटल क्रीकचे डॉ. जॉन केलॉग रुग्णांना बेचव, सात्त्विक खायला घालायचे. धाकट्या भावाला त्यात साखर हवी होती. दोघांचं बिनसलं आणि धाकट्याने १९०६ मध्ये स्वतःची कंपनी काढली. ती कंपनी १९९० च्या दशकात आपल्याकडे आली, तळोज्याला कारखानाही निघाला. आपण सवयीने त्यावर गरम दूध ओतलं आणि त्याचा लगदा झाला, हे तेव्हाच्या पुष्कळ घरांना आठवत असेल.

बिर्खर-बेनर यांची पद्धत मात्र मी उचलली. रात्री तीन मोठे चमचे साधे ओट्स दह्यात भिजवायचे, सकाळी अर्धं सफरचंद किसून घालायचं, वर भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट आणि चमचाभर जवस. गोड काही नाही. पहिले काही दिवस ह्यांनी तोंड वाकडं केलं, मग चाट मसाल्याची चिमूट मागून घेतली. असू दे.

ओट्स घेतानाही साधे, जाड, रोल्ड घ्यावेत. दोन मिनिटांत शिजणारे बारीक केलेले असतात, त्यामुळे पोटातही लवकर पचतात आणि साखर लवकर चढते. मसाल्याचं पाकीट घेण्यापेक्षा साध्या ओट्सना मोहरी, कढीपत्ता, मटार, गाजर घालून घरीच फोडणी द्यावी. हो, फोडणी परत आली. मुलाने बंद केलेले पोहेही आठवड्यातून एकदा होतात. पण घरचं ते सगळं चांगलं, असंही मी म्हणणार नाही. पोहे शेवटी तांदळाचेच, बशीभर खाल्ले तर तेही हिशेबात धरायचे. म्हणून निम्मी बशी पोहे आणि निम्म्यात मटार, दाणे, कांदा, अशी आमची तडजोड. ज्वारीच्या किंवा राजगिऱ्याच्या लाह्या दुधात छान लागतात आणि त्यात वरून घातलेल्या साखरेचा कण नसतो, पण त्या फुललेल्या असल्याने झटकन पचतात. ज्यांची साखर वाढलेली आहे त्यांनी वाटीभर नुसत्या लाह्या न खाता मूठभर घ्याव्यात, सोबत दही, दाणे किंवा एखादं अंडं. मुगाचं धिरडं असेल तर लाह्यांची गरजच नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी नाश्ता एकदम बदलू नये, आधी डॉक्टरांना विचारावं. खाणं कमी आणि औषध तेवढंच, असं झालं की साखर नको तेवढी खाली जाते. ह्यांना गोळ्या नव्हत्या म्हणून आम्हाला लगेच बदल करता आला. नंतरच्या तपासणीत आकडा ६ च्या खाली उतरला. त्यात संध्याकाळच्या तलावाकाठच्या फेऱ्यांचाही वाटा असणार, सगळं श्रेय मी सफरचंदाला देत नाही.

राहता राहिला नातू. मे महिन्यात येतो तो शंखांच्या आकाराच्या चॉकलेट सीरिअलचा हट्ट धरूनच. घरात आणून कपाटात लपवायचं आणि रोज रडारड करायची, यात अर्थ नाही. लहानातलं लहान पाकीट आणायचं, ज्वारीच्या लाह्यांचा वाडगा भरायचा, दुधात भिजवून वाटलेली खारीक घालायची आणि वर मोजून मूठभर शंख. पहिल्या दिवशी त्याने वरचे शंख वेचून खाल्ले आणि वाडगा माझ्याकडे सरकवला. आता निम्म्या लाह्या खातो. उरलेल्या हे संपवतात, आणि तेवढं ह्यांच्या वाटीतून मी वजा करते.