गाडीचा कॉम्प्युटर बदलण्याआधी



गळीत हंगामात तोड, चिठ्ठी आणि काटा यांखेरीज दुसरा विषय निघत नाही. पण हल्ली गट ऑफिसच्या ओट्यावर गाड्यांचे बोलणेही तेवढेच चालते. कुणाची पिकअप बंद, कुणाची जीप चढावर दम सोडते, आणि वाक्य एकच : "मिस्त्री म्हणते, ईसीएम गेला जी." म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर गेला. आकडा ऐकून माणूस खाली बसतो. म्हणून या वेळी थोडे या डब्याविषयी.

तिरोडा भागातल्या एका सभासदाची पिकअप ऐन दिवाळीत बंद पडली. स्टार्टर फिरे, इंजिन पकडत नसे. शहरातल्या एका गॅरेजने मशीन लावून पाहिले आणि "डबा बोलत नाही, नवा टाका" असे सांगितले. नव्याचा खर्च ऐकून यांनी भंगारातून त्याच नंबरचा जुना डबा बावीस हजारांना आणला. तो बसवला, तर गाडी तरीही चालू होईना आणि मीटरवर किल्लीचा लाल दिवा लुकलुकत राहिला. शेवटी गावच्याच वायरमनने बॅटरीपासून चॅसीला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडली. खाली हिरवा गंज होता. पॉलिश पेपरने घासली, नट आवळला, मूळ डबा परत लावला आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू. बावीस हजारांचा डबा आजही त्यांच्या आलमारीत आहे.

यात दोन चुका झाल्या. त्या समजायला हा डबा काय करतो ते पाहिले पाहिजे.

जुन्या डिझेल जीपमध्ये पंप हा सगळा कारभारी होता. किती डिझेल, केव्हा सोडायचे, हे त्याच्या आतल्या स्प्रिंगा आणि वजने ठरवीत. पंप बिघडला तर कॅलिब्रेशनवाल्याकडे नेला की काम झाले. मायकोचा पंप माहीत नाही असा शेतकरी विरळा. तीच मायको २००८ साली बॉश झाली, आणि तिचा नाशिकचा कारखाना पुढे कॉमन रेलचे इंजेक्टरही बनवू लागला. धुराचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. आता पंप फक्त दाब तयार करतो, तो हजार बारच्याही वर जातो. डिझेल किती आणि कोणत्या क्षणी सोडायचे, हे डबा ठरवतो. पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरनाही २०२३ पासून नवे नियम लागू झाले, तेव्हा हा डबा आता शेतातही आला आहे.

आपल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचेच उदाहरण घ्या. खाली लोडसेल, वर केबिनमध्ये आकडे दाखवणारा डबा. लोडसेल फक्त बारीकसा विजेचा इशारा देतो, त्याचे टन-क्विंटल करतो तो डबा. उद्या डबा बदलला आणि दुकानातून आणलेला तसाच जोडला, तर आकडे दिसतील, पण खरे असतील का? प्रमाणित वजने ठेवून तो लावून घ्यावा लागतो, वैधमापनचे निरीक्षक तपासून सील करतात. तोवर तुम्ही आपल्या उसाची एक गाडीही त्यावर चढू देणार नाही. गाडीच्या डब्याचेही तसेच आहे. नवा डबा कोरा असतो, त्याला ही गाडी कोणती ते शिकवावे लागते.

शिकवायचे काय? आधी त्या मॉडेलचे सॉफ्टवेअर. मग गाडीचा सतरा अक्षरी चॅसी नंबर. मग इंजेक्टरचे कोड. प्रत्येक इंजेक्टर कारखान्यातून निघताना मोजलेला असतो, कुणी किंचित जास्त सोडतो, कुणी कमी. तो फरक त्याच्यावर कोरलेला असतो आणि डब्यात लिहावा लागतो. हे राहिले तर इंजिन ठोके देते, धूर करते. अनेक बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो. तो किती भरला आहे याचा हिशेबही जुन्या डब्यातून नव्यात आणावा लागतो, नाहीतर नवा डबा फिल्टर रिकामाच समजतो.

सगळ्यात मोठी अडचण किल्लीची. किल्लीच्या मुठीत एक चिप असते. तिची ओळख पटली तरच डबा डिझेल सोडतो, चोरीसाठी केलेली ही सोय. भंगारातल्या डब्याला दुसऱ्याच किल्लीची ओळख असते. नंबर जुळला म्हणून गाडी जुळत नाही. आपल्या सभासदाच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकत होता तो याच कारणाने. जाणकार माणूस जुन्या डब्यातली सगळी माहिती उतरवून दुसऱ्यात भरू शकतो, काम होते. पण त्यासाठी जुना डबा हातात हवा. म्हणून "जुना द्या, किंमत कमी करतो" असे कुणी म्हटले, तरी नव्या डब्यावर गाडी चार दिवस नीट चालल्याशिवाय जुना देऊ नका.

हे सगळे डबा खरोखर गेला असेल तर. बहुतेक वेळा जाते ते डब्यापर्यंत पोहोचणारे काही तरी.

किल्ली ऑन करा. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? बहुतेक गाड्यांत तो लागलाच पाहिजे. नाही लागला तर आधी डब्याला वीज मिळते का पाहा : फ्यूज, मेन रिले, अर्थिंग. अर्थिंग नुसती डोळ्यांनी पाहून चालत नाही. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनच्या अंगाला लावून सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाखवले तर पट्टी खराब आहे. मशीनवर यू ०१०० असा कोड आला म्हणजे डबा मेला असे नाही, मशीनला तो ऐकू येत नाही एवढेच. स्टिअरिंगखालच्या मशीनच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांना निरोपाच्या दोन तारा येतात. बॅटरी सोडून त्यांच्यामधला रोध मोजला तर साधारण ६० ओहम यावा. १२० आला तर कुठेतरी तार तुटली, शून्याजवळ आला तर तारा चिकटल्या. आपल्याकडे धान घरात आले की उंदीरही येतात, आणि गरम बॉनेटखाली त्यांचा मुक्काम असतो. वायरिंगची जुडी हाताने चाचपून पाहा.

आणखी एक फसवी गोष्ट. डबा सेन्सरांना पाच व्होल्ट पुरवतो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की ते पाच व्होल्ट खाली बसतात आणि डबा वेड्यासारखा वागतो. सेन्सरांचे प्लग एकेक करून काढा, ज्याच्यावर पाच व्होल्ट परत येतात तो चोर. पी ०६०६ मात्र डब्याच्या आतल्या बिघाडाचा कोड आहे. तोही वीज आणि अर्थिंग तपासल्यावरच खरा मानावा.

डबा मरतो तोही बऱ्याचदा आपल्याच हातून. चॅसीला किंवा मागच्या डाल्याला वेल्डिंग करताना बॅटरीची दोन्ही टोके सुटी करा, वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावा. दुसऱ्या गाडीवरून जोडणी देताना धन-ऋण उलटे होऊ देऊ नका. धुताना बॉनेटखाली जोराचा पाण्याचा मारा नको.

प्रोग्रामिंग करायचेच ठरले तर बॅटरी भरलेली असावी आणि चार्जर लावलेला असावा. लिहिताना मध्येच वीज खाली गेली तर अर्धवट लिहिलेला डबा तिथेच बंद पडतो. लोडशेडिंगच्या वेळेत हे काम धरू नका. बिलावर डब्याचा नंबर, इंजेक्टर कोड लिहिल्याची आणि किल्ल्या जोडल्याची नोंद मागा. घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या, मागे राहिलेली किल्ली नंतर चालणार नाही. "सोबत थोडी ताकद वाढवून देतो, धुराची कटकट काढून टाकतो" असे कुणी म्हटले तर नको म्हणा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असे बदल बसत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात. गॅरेजवाला मोकळा राहतो, नाव आपले लागते.

वैनगंगेच्या काठच्या सभासदांना २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर आठवत असेल. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला किल्ली लावून पाहण्याचा मोह होतो. लावू नका. बॅटरीचे ऋण टोक काढा, विमा कंपनीला कळवा, फोटो काढा. तपासणी झाल्यावर डबा काढून प्लग सोडा, आत चिखलाचे पाणी शिरले असेल तर तो उन्हात न ठेवता सावलीत ठेवा आणि तसाच दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. विजेविना भिजलेला डबा पुष्कळदा वाचतो, किंवा निदान त्यातली माहिती तरी निघते.