विद्युत मोटारीचे गणित आणि पडताळणी

वज्रेश्वरीच्या उष्ण कुंडांची ऊब सुखावते. विद्युत वाहनाच्या मोटारीत मात्र उष्णता हाच मोठा शत्रू होय. चढावर विद्युतप्रवाह दुप्पट झाला, की तांब्याच्या वेटोळ्यांतील उष्णता सुमारे चौपट होते. ती मर्यादेबाहेर गेल्यास निओडिमियम चुंबकांचे चुंबकत्व कायमचे क्षीण होऊ शकते. म्हणून अभियंते संगणकावर मोटारीच्या छेदाचे हजारो लहान त्रिकोण पाडून त्यांवर मॅक्सवेलची समीकरणे सोडवितात आणि टॉर्क व उष्णतेचा अंदाज बांधतात. चुंबकाची जागा बदलून तेच गणित पुन्हा मांडता येते. धातू वाया जात नाही. तथापि अंतिम निर्णय प्रत्यक्ष चाचणीचाच. पुण्याच्या एआरएआय संस्थेत अशा मोटारी तपासल्या जातात. आपल्या विद्यार्थ्यांनी गणित शिकावे, तशीच पडताळणीही शिकावी.