शत्रूच्या हातातली मिनिटं

पाटोद्यात मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गाला एकच मोठा गृहपाठ देतो : कमांडोंची तुकडी गुपचूप नेऊन सोडणारं आणि तिला परत आणणारं एक हेलिकॉप्टर कल्पनेनं उभं करा. चित्र कसंही चालेल, पण चित्रातल्या प्रत्येक वस्तूमागं हिशेब हवा. विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीनं त्याचं नाव ठेवलं ‘गव्हाणी’. गव्हाणी घुबड डोक्यावरून गेलं तरी पंखांचा आवाज येत नाही, हे आमच्या पोरांनी गोठ्यात, पडक्या वाड्यात पाहिलेलं असतं. पुढच्या तुकड्यांनी नाव बदललं नाही. गव्हाणी कुठल्या कारखान्यात तयार झालेलं नाही, पण त्याच्या निमित्तानं मुलांनी मांडलेले हिशेब खरे आहेत, आणि ज्या प्रसंगांवर आम्ही ते ताडून पाहतो तेही खरे आहेत. त्यातून हाती लागलेलं हे.

१. सुरुवात आवाजापासून करावी.

मोबाइलवरच्या खेळांमुळे मुलांच्या डोक्यात काळंभोर, कोनाकोनाचं, रडारला न सापडणारं यंत्र असतं. मी त्यांना आधी विचारतो, आपल्या तालुक्यात हेलिकॉप्टर येतं तेव्हा काय होतं? येतं ते बहुधा निवडणुकीत, नाहीतर दसऱ्याला सावरगाव घाटातल्या मेळाव्याला. माळावर चुन्यानं गोल आखलेला असतो, पण त्या गोलाकडं कुणी बघत नसतं. आधी कान टवकारतात. शेतातली माणसं कापूस वेचता वेचता थांबतात, मग आभाळात शोधाशोध, आणि बऱ्याच वेळानं ठिपका दिसतो. पाटोद्यात रडार नाही, तरी सगळ्या गावाला कळलेलं असतं.

मग फळ्यावर आपल्या हवाई दलाचं एमआय-१७ येतं. पाच पात्यांचा, सुमारे २१ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला साधारण १९२ फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला १६ ठोके. पात्याचं टोक सेकंदाला जवळजवळ २१४ मीटर धावतं, आवाजाच्या वेगाच्या सहा दशांशाहून जास्त. एका पात्यानं मागं सोडलेल्या भोवऱ्यावर पुढचं पातं आपटतं तेव्हा तो ओळखीचा थडथडाट येतो, विशेषतः उतरताना. असे खालच्या पट्टीतले ठोके हवेत लवकर विरत नाहीत, डोंगराआडूनही येतात. शेपटीचा छोटा पंखा वरच्या पट्टीत किंचाळतो, तो जवळ आल्यावर कळतो. त्यामुळं ‘आवाज कमी करा’ एवढ्यावर भागत नाही. कुठला आवाज, किती अंतरावरून, हे विचारावं लागतं.

२. लपणं म्हणजे शत्रूच्या हातातली मिनिटं काढून घेणं.

संपूर्ण गृहपाठाचा जीव यात आहे, असं माझं मत आहे. समजा हेलिकॉप्टर ताशी २०० किलोमीटरनं येतंय आणि पहारेकऱ्याला ते दहा किलोमीटरवरून ऐकू येतं. पोचायला तीन मिनिटं लागतील. त्यातलं जवळजवळ अर्धं मिनिट आवाजालाच त्याच्यापर्यंत यायला लागतं, आणि तेवढ्यात हेलिकॉप्टर दीड किलोमीटरहून अधिक पुढं सरकलेलं असतं. उरली अडीच मिनिटं. झोपलेल्याला उठवायला, बंदूक घ्यायला, गच्चीवर जायला अडीच मिनिटं पुष्कळ आहेत. तेच यंत्र तीन किलोमीटरवर ऐकू आलं, तर त्याच्या हातात मिनिटभरही राहत नाही.

एका मुलीनं विचारलं होतं, “सर, कामून एवढं लपायचं? शेवटी तर दारातच उतरायचंय, तिथं दिसणारच की.” प्रश्न अगदी नेमका होता. दिसणारच आहे. कधी दिसणार, एवढंच आपल्या हातात असतं. तेव्हापासून गव्हाणीच्या प्रत्येक भागापुढं आम्ही एक रकाना आखतो : यानं किती सेकंद वाचले? चित्र कितीही देखणं असो, तो रकाना रिकामा राहिला तर तो भाग खोडायचा.

३. शांततेची किंमत वजनानं मोजावी लागते.

पंखा सावकाश फिरवला की आवाज झपाट्यानं उतरतो. पण पात्याची उचल वेगाच्या वर्गावर चालते. टोकाचा वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर उचल शंभराची ८१ होते. ती भरून काढायला पाती वाढवा, नाहीतर रुंद करा, म्हणजे पुन्हा वजन. मुलांना इथं पहिल्यांदा घाम फुटतो, आणि मला हा तास सर्वांत जास्त आवडतो.

असा प्रयोग खरोखर झालेला आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सीआयएनं ह्यूज कंपनीच्या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये फेरफार करवून घेतले. मुख्य पंख्याला चारऐवजी पाच पाती दिली आणि फेरे कमी केले. शेपटीच्या पंख्याची चार पाती कात्रीसारखी विषम कोनांत बसवली, म्हणजे किंचाळी एका सुरात न येता विखुरते. धुराड्याला आवाज गिळणारी नळी लावली. डिसेंबर १९७२ मध्ये ते रात्री उत्तर व्हिएतनामात विन्ह शहराजवळ गेलं आणि टेलिफोनच्या तारेवर संभाषण चोरून ऐकणारं यंत्र बसवून परतलं. पण ते होतं मोजक्या माणसांचं, हलकं. तुकडी न्यायची म्हटलं की हिशेब बदलतो. म्हणून गव्हाणीत किती माणसं बसवायची हे आधी ठरवायचं आणि मगच पेन्सिल हातात घ्यायची, असा आमच्याकडे नियम आहे.

४. बालाघाटाची हवा हिशेबात धरावी.

पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे आणि १५ अंशांचे असतात. आमच्या तालुक्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात मांजरा नदी उगम पावते, तिथं उंची ८०० मीटरच्या पुढं आहे, आणि मे महिन्यात पारा ४० वर असतो. तिथली हवा पुस्तकातल्या हवेपेक्षा जवळजवळ सहाव्या हिश्शानं पातळ भरते. पंखा तोच, इंजिन तेच, पण धरायला हवा कमी. हे उत्तर स्वतः काढल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कुठल्याही तयार धड्यानं उमटत नाही. आपल्या माळावरच्या उन्हाचा जगातल्या सगळ्यांत गुप्त यंत्राशी संबंध आहे, हे त्यांना पटलेलं असतं.

५. रडार आणि उष्णता यांना वेळ कमी द्यावा.

तत्त्व सोपं आहे. सपाट, तिरके पृष्ठभाग रडारची लहर आली त्या दिशेला परत पाठवत नाहीत. चाकं पोटात घ्यावीत, पंख्याचा मधला गाभा झाकावा, शेपटीचा पंखा वेष्टणात ठेवावा, इंजिनचा तप्त धूर थंड हवेत मिसळून सोडावा. अमेरिकेच्या कोमांची हेलिकॉप्टरमध्ये यातलं बरंच काही होतं. ते १९९६ मध्ये पहिल्यांदा उडालं, २००४ मध्ये प्रकल्पच बंद केला, आणि तोवर दोनच नमुने तयार झाले होते. आपल्या एचएएलच्या ‘प्रचंड’मध्येही रडारला आणि उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्राला कमी सापडावं अशी योजना आहे. ते ऑक्टोबर २०२२ मध्ये जोधपूरला हवाई दलात आलं. पण ते लढाऊ आहे, माणसं वाहणारं नव्हे. फिरणारी पाती मात्र रडारपासून पूर्ण लपत नाहीत, म्हणून वैमानिकाचा सर्वांत जुना आधार दरी हाच राहतो. सौताड्याच्या धबधब्याची दरी पाहिलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

६. यंत्राचा स्वतःचा वाराच त्याला पाडू शकतो.

तेरा टनांचं एमआय-१७ आमच्या डोंगरावर स्थिर उभं राहिलं तर त्याच्या पंख्याखालचा वारा ताशी नव्वद किलोमीटरच्या घरात जातो. हा आकडा मुलं स्वतः काढतात, सूत्र साधं आहे. हा वारा कुठं जातो, हा खरा प्रश्न.

२ मे २०११ रोजी अमेरिकी कमांडो पाकिस्तानातल्या अबोटाबादला ओसामा बिन लादेनच्या घरावर उतरले. ज्याला सगळं जग ‘स्टेल्थ हेलिकॉप्टर’ म्हणतं ते त्या रात्री दिसलं, तेही तुटलेल्या शेपटीच्या रूपात. अमेरिकेनं त्याचं पूर्ण चित्र प्रसिद्ध केलेलं नाही, म्हणून सिनेमात आणि खेळांत दिसतात ती सगळी यंत्रं कल्पनेतली आहेत, आमच्या गव्हाणीसारखीच. त्या रात्री आलेल्या दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरांपैकी एक आवारात उतरताना आपटलं. सरावासाठी बांधलेल्या नकली आवाराला जाळीचं कुंपण होतं, त्यातून वारा निघून जायचा. खऱ्या घराला उंच भिंती होत्या. हवाही अपेक्षेपेक्षा गरम होती. खाली ढकललेला वारा भिंतीला अडून वर आला, आणि पंखा आपल्याच भोवऱ्यात सापडला. जगातलं सर्वांत गुप्त यंत्र एका भिंतीपुढं हरलं. आणि गावातला एक संगणक व्यावसायिक त्या रात्री ट्विटरवर लिहीत होता की आमच्या गावावर हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय. म्हणजे आवाजही पूर्ण गेला नव्हता. तरीही मोहीम फत्ते झाली, कारण हवी होती ती मिनिटं मिळाली होती आणि वैमानिकानं यंत्र कोसळू न देता टेकवलं होतं.

धुळीचंही तसंच. उन्हाळ्यात मुरमाड माळावर उतरताना उडणारा लोट वैमानिकाची जमीनच नाहीशी करतो. एप्रिल १९८० मध्ये इराणच्या वाळवंटात ओलिसांना सोडवायला गेलेल्या अमेरिकी तुकडीचं एक हेलिकॉप्टर अशाच धुळीत उभ्या विमानावर आदळलं आणि आठ जण गेले. म्हणून गव्हाणीच्या चित्राबरोबर उतरण्याच्या जागेचाही नकाशा मी मागतो : भिंती, तारा, झाडं, माती कुठली. विजेच्या तारा दाखवायला मुलं सर्वाधिक विसरतात.

७. यंत्र गप्प राहून भागत नाही.

ऑक्टोबर १९८७ मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेत होती. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर आपली एमआय-८ हेलिकॉप्टरं जवान उतरवायला गेली. तमिळ वाघांनी बिनतारी संदेश आधीच ऐकले होते. ते दबा धरून बसले होते. १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जवान उतरले, त्यातले २९ धारातीर्थी पडले आणि एक कैद झाला. तिथं हेलिकॉप्टर पिसासारखं नि:शब्द असतं तरी उपयोग नव्हता. हा प्रसंग सांगताना वर्गात कुणी हालत नाही. या वर्गातली काही पोरं पहाटे जामखेड रस्त्यावर भरतीसाठी धावतात, हे मला ठाऊक असतं.

दुसरा प्रसंग आपल्या मुंबईचा. २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी कुलाब्यातल्या, दहशतवाद्यांनी ताबा घेतलेल्या नरिमन हाउसच्या गच्चीवर एमआय-१७ मधून एनएसजीचे कमांडो दोरावरून उतरले. दिवसाढवळ्या, चहूबाजूंनी इमारतींच्या गर्दीत, आणि सगळं दूरचित्रवाणीवर थेट. फोनवरून दहशतवाद्यांना हुकूम सोडणारे पाकिस्तानात तीच चित्रं बघत होते. त्या कारवाईत हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट यांना वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात त्या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण नियमानं बंद झालं. जी मिनिटं अभियंते वर्षानुवर्षं खपून कमावतात, ती एक कॅमेरा परत देऊन टाकतो. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. म्हणून मी मुलांना स्पष्ट सांगतो : सैन्याचं वाहन, तुकडी, हेलिकॉप्टर दिसलं तर फोन खिशातच ठेवा.

८. रिकामी जागा हाही यंत्राचा भाग आहे.

मुलं जाताना किती माणसं, हे मोजतात. येताना किती, हे विचारलं की गोंधळतात. सुटका केलेला ओलीस कुठं बसेल? जखमीला आडवं कसं ठेवाल? एक हेलिकॉप्टर बंद पडलं तर त्यातली माणसं दुसऱ्यात मावतील? इराणच्या त्या मोहिमेत आठ हेलिकॉप्टरं निघाली होती, किमान सहा हवी होती, आणि वाळवंटात चालू स्थितीतली पाचच उरली. अपघात होण्याआधीच मोहीम रद्द करायचं ठरलं होतं. अबोटाबादला एक यंत्र गेलं तरी सगळी माणसं परतली, कारण मोठी चिनूक हेलिकॉप्टरं अलीकडे तयार ठेवली होती.

गेल्या वर्षीच्या तुकडीत एक मुलगी होती. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले, घरी आजी आणि दोन भावंडं. तिच्या गव्हाणीत बारा कमांडोंची जागा होती, पण तिनं आठच बसवले. एका स्ट्रेचरची आणि दोन माणसांची जागा मोकळी सोडली, आणि उरलेल्या वजनापैकी थोड्याच वजनाचं इंधन भरलं. बाकीची मुलं म्हणाली, चारजण कमी नेलेस, मार्क जातील. तिनं सेकंदांचा रकाना पुढं केला. वजन घटल्यामुळं पंख्याचे फेरे कमी करता आले होते, आवाज उतरला होता, आणि पहारेकऱ्याच्या हातातले आणखी वीस सेकंद गेले होते. मी तो हिशेब पुन्हा तपासला. बरोबर होता. यंदाच्या वर्गाला गृहपाठ देताना आठ माणसं ही कमाल मर्यादा मी फळ्यावर आधीच लिहून ठेवली आहे.