घटक ४ : पारिभाषिक शब्दांची घडण आणि वापर – पूलबांधणीची परिभाषा

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• सामान्य शब्द आणि पारिभाषिक संज्ञा यांतील फरक उदाहरणांसह सांगता येईल.
• पूलबांधणीतील प्रमुख संज्ञांचा अर्थ व त्यामागील कार्यतत्त्व स्पष्ट करता येईल.
• संज्ञा घडवण्याच्या निरनिराळ्या मार्गांचे गुणदोष तपासता येतील.
• तांत्रिक मजकूर अहवालासाठी आणि जनसूचनेसाठी वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येईल.

४.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन मराठीचे स्वरूप पाहिले. शासनव्यवहार मराठीतून व्हावा यासाठी महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अस्तित्वात आला. त्याआधीच, १९६० साली, भाषा संचालनालयाची स्थापना झाली होती. या संचालनालयाने विविध विद्याशाखांचे परिभाषा कोश सिद्ध केले. स्थापत्य अभियांत्रिकीचा कोश त्यांपैकीच एक. परंतु कोशात शब्द असणे आणि तो व्यवहारात रुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजून घेण्यासाठी या घटकात पूलबांधणी हे क्षेत्र निवडले आहे.

या निवडीमागे कारण आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील दगडी कमानींचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस व अन्य वाहने प्रवाशांसह वाहून गेली. त्यानंतर राज्यातील जुन्या पुलांच्या तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला. ‘धोकादायक’, ‘कमकुवत’, ‘वाहतुकीस योग्य’ हे शब्द तेव्हापासून दर पावसाळ्यात आपण वाचतो. अशा शब्दांचा नेमका अर्थ लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला सारखाच कळणे हा केवळ भाषाशैलीचा प्रश्न राहत नाही.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ सामान्य शब्द आणि संज्ञा

ओलांडण्याच्या साधनासाठी मराठीत अनेक शब्द आहेत. ‘पूल’ हा फारसीतून आलेला आणि सर्वत्र रुळलेला शब्द. ‘सेतू’ हा संस्कृत शब्द. बोलताना तो कमी येतो. नामकरणात मात्र त्याला मान आहे. २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि २०२४ मध्ये खुला झालेला सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू ही त्याची ठळक उदाहरणे होत. कोकणात ओढ्यावरच्या लहान, बहुधा पायी जाण्याच्या पुलाला ‘साकव’ म्हणतात. कोकणीत ‘सांकव’ म्हणजे पूलच. पावसाळ्यात ज्यावरून पाणी वाहते अशा कमी उंचीच्या बांधकामाला अनेक ठिकाणी ‘फरशी’ किंवा ‘फरशी पूल’ असे म्हटले जाते.

आता ‘मोरी’ हा शब्द पाहा. घरात मोरी म्हणजे धुण्याभांड्यांची, सांडपाण्याची जागा. रस्त्याच्या कामात मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारे लहान बांधकाम. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार सहा मीटरपर्यंत लांबीचे असे बांधकाम मोरी ठरते. सहा मीटरहून अधिक व साठ मीटरपर्यंत लहान पूल, तर त्यापुढे मोठा पूल. बोलीतील शब्द तोच राहिला. परंतु त्याला संख्येची मर्यादा पडताच तो संज्ञा झाला. संज्ञेचे पहिले लक्षण हेच, की तिच्या अर्थाची सीमा आखलेली असते.

विशेषनाम आणि संज्ञा यांतही गल्लत होऊ देऊ नये. पुण्यातील ‘लकडी पूल’ हे नाव आजही प्रचारात आहे; मूळ पूल लाकडाचा होता, आजचा नाही. नाव इतिहास जपते, तर संज्ञेने सद्यःस्थितीचे वर्णन करायचे असते.

४.३.२ पुलाचे भाग आणि त्यांची नावे

पुलाचे दोन मुख्य विभाग मानले जातात. रस्ता ज्यावर असतो तो वरचा भाग म्हणजे उपरिसंरचना. तिचा भार जमिनीपर्यंत पोहोचवणारा खालचा भाग म्हणजे अधःसंरचना. खांब व काठांवरील आधारभिंती या भागात येतात. त्यांच्याखाली पाया असतो. नदीपात्रात खोलवर उतरवलेल्या पोकळ, विहिरीसारख्या पायाला ‘विहीर पाया’ म्हणतात. लगतच्या दोन आधारांमधील अंतर म्हणजे ‘गाळा’. दुकानाचा गाळा आणि पुलाचा गाळा यांत दोन आधारांमधली मोकळी जागा हा समान धागा आहे.

कमान आणि तुळई यांचे कार्य वेगळे आहे. कमानीतील पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांवर दाबले जातात आणि भार दाबाच्या रूपाने दोन्ही टोकांकडे जातो. दगड दाब उत्तम सोसतो. म्हणून जुने पूल कमानींचे आहेत. दोन टोकांवर टेकलेली तुळई भाराखाली किंचित वाकते. तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. काँक्रीट दाब सोसते, पण ताणाला कच्चे असते. म्हणून ताण येणाऱ्या बाजूला पोलादी सळया घालतात. असे बळकट केलेले काँक्रीट म्हणजे ‘प्रबलित काँक्रीट’. पोलादी तारा आधीच ताणून काँक्रीटमध्ये मुद्दाम दाब निर्माण केला, की ते ‘पूर्वप्रतिबलित काँक्रीट’ होते. कार्य समजले, की शब्द अवघड वाटत नाही.

‘प्रसरण सांधा’ हीदेखील अशीच अर्थवाही संज्ञा आहे. तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढले तर १०० मीटर लांबीची पोलादी तुळई सुमारे ३६ मिलिमीटर लांबते. तिला हलायला जागा ठेवली नाही तर तिच्यात व आधारांत मोठे बल निर्माण होते. पुलावरून जाताना वाहनाला ठरावीक अंतराने जो हलका धक्का जाणवतो, तो बहुधा याच सांध्याचा असतो.

४.३.३ संज्ञा घडवण्याचे मार्ग

पूलबांधणीच्या परिभाषेत चार मार्ग दिसतात.

(अ) *रूढ शब्दाचा स्वीकार* – गाळा, कमान, मोरी, कठडा, तुळई. हे शब्द सुबोध असतात, कारण ते कारागिरांच्या तोंडी पूर्वीपासून होते.

(आ) *संस्कृताधारित नवनिर्मिती* – उपरिसंरचना, प्रतिबल, प्रबलित. या मार्गाचा मोठा लाभ म्हणजे शब्दकुल तयार होते : बल, प्रतिबल, पूर्वप्रतिबल, पूर्वप्रतिबलित. बोलीतील ‘ताण’ या शब्दापासून इतकी शाखावाढ सहज होत नाही.

(इ) *परभाषिक शब्दाचा स्वीकार* – काँक्रीट, स्लॅब, गर्डर, बेअरिंग. बांधकामाच्या जागेवर मुकादम ‘बेअरिंग’च म्हणतो. त्याला पर्याय घडवता येईल. पण जो शब्द कोणी उच्चारत नाही तो कोशातच राहतो.

(ई) *वर्णनात्मक शब्द* – उड्डाणपूल, पादचारी पूल, जोडरस्ता. घटक शब्द ओळखीचे असल्याने अर्थ लगेच कळतो.

कोणताही एक मार्ग सर्वत्र योग्य ठरत नाही. नेमकेपणा, शब्दकुल घडवण्याची क्षमता आणि रूढता या तीन कसोट्यांवर प्रत्येक संज्ञा तपासावी लागते.

४.३.४ गोंधळाच्या जागा

पहिली जागा सामान्य अर्थाच्या आक्रमणाची. अभियांत्रिकीत ‘विकृती’ म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेला लांबीतील बदल. भाराखालील प्रत्येक पुलात ती असतेच. ‘पुलात विकृती आढळली’ असे वाक्य वृत्तपत्रात आले तर वाचक मात्र पूल बिघडला असे समजेल.

दुसरी जागा शब्दशः भाषांतराची. इमारती व पुलांच्या तपासणीसाठी ‘संरचनात्मक लेखापरीक्षण’ असा शब्दप्रयोग आढळतो. ‘लेखा’ म्हणजे हिशेब. येथे हिशेबाची नव्हे, बांधकामाची तपासणी अभिप्रेत आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा आर्थिक अर्थ भाषांतरात तसाच उतरल्याने ही विसंगती आली. ‘संरचनात्मक तपासणी’ हा शब्द साधा आणि बिनचूक आहे.

तिसरी जागा ढोबळ वापराची. तारा दिसल्या की पुलाला ‘झुलता पूल’ म्हणण्याची सवय आहे. झुलत्या पुलात दोन मनोऱ्यांवरून मुख्य तार झोळीसारखी सोडलेली असते आणि तिला उभ्या तारांनी रस्ता टांगलेला असतो. ऋषिकेशचा लक्ष्मणझुला असा आहे. वांद्रे-वरळी सेतूच्या तारांच्या भागात मात्र तिरप्या, सरळ तारा मनोऱ्यापासून थेट रस्त्याच्या तळापर्यंत येतात. त्याला ‘तिरप्या तारांनी तोललेला पूल’ म्हणणे अधिक नेमके होईल.

४.३.५ एक माहिती, दोन लेखन

सरावासाठी पुढील काल्पनिक टिपण घ्या. पाहणीनंतर कनिष्ठ अभियंता तोंडी सांगतो : “दोन नंबर पिअरखाली स्कावर झालाय, बेअरिंग जॅम आहे. हेवी गाड्या बंद करायला पाहिजेत.”

*अहवालातील लेखन* : ‘खांब क्रमांक २ च्या पायालगतची माती प्रवाहामुळे वाहून गेली असून पायाचा काही भाग उघडा पडला आहे. त्याच खांबावरील बेअरिंगची हालचाल बंद झाली आहे. दुरुस्ती होईपर्यंत पुलावरून अवजड वाहतूक बंद ठेवावी.’

*जनसूचना* : ‘पुराच्या पाण्याने या पुलाच्या एका खांबाच्या पायाजवळची माती वाहून गेली आहे. आजपासून पुढील सूचनेपर्यंत एसटी बस, ट्रक व ट्रॅक्टर-ट्रॉली यांना या पुलावरून जाण्यास बंदी आहे. खांबावरील लाल रेषेपर्यंत पाणी चढल्यास पायी जाणेही बंद राहील.’

याउलट पुढील वाक्य पाहा : ‘पुलाच्या अधःसंरचनेची स्थिती समाधानकारक नसल्याने वाहतूक नियंत्रित करणे प्रस्तावित आहे.’ व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. परंतु कोणती वाहने थांबवायची, केव्हापासून आणि का, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी हे वाक्य वाचून थांबणार नाही. अहवालाचा वाचक जाणकार असतो, म्हणून तेथे संज्ञा आवश्यक आहे. जनसूचनेचा वाचक घाईत असतो आणि त्याला लगेच कृती करायची असते. म्हणून तेथे संज्ञेचा अर्थ उलगडून लिहावा. मात्र सोपे करताना माहिती गाळू नये : खांबाचा उल्लेख, कारण आणि बंदीची व्याप्ती दोन्ही लेखनांत कायम आहे, हे लक्षात घ्या.

४.४ सारांश

अर्थाची सीमा निश्चित झाली, की सामान्य शब्द संज्ञा बनतो. पूलबांधणीच्या मराठी परिभाषेत रूढ, संस्कृताधारित, परभाषिक आणि वर्णनात्मक असे चारही प्रकारचे शब्द एकत्र नांदतात. संज्ञेची निवड नेमकेपणा, शब्दकुल व रूढता पाहून करावी आणि तिचा वापर वाचक ओळखून करावा.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘मोरी’ हा शब्द संज्ञा केव्हा ठरतो?
२. ‘गाळा’ या शब्दाच्या दोन अर्थांतील समान धागा सांगा.
३. ‘संरचनात्मक लेखापरीक्षण’ हा शब्दप्रयोग सदोष का आहे?
४. संस्कृताधारित संज्ञांचा प्रमुख लाभ कोणता? ‘बल’ या शब्दाच्या आधारे लिहा.

४.६ उपक्रम

तुमच्या परिसरातील एखाद्या पुलाजवळचा सूचनाफलक उतरवून घ्या. सूचना कोणासाठी आहे, कोणती कृती अपेक्षित आहे, कारण दिले आहे का, आणि कोणता शब्द वाचकाला अडेल, या चार मुद्द्यांवर तो तपासा. आवश्यक तेथे सूचना नव्याने लिहा. परिसरातील गवंडी, मुकादम वा अभियंता यांच्याकडून पुलाच्या भागांची किमान दहा नावे मिळवून त्यांचे ४.३.३ मधील चार मार्गांनुसार वर्गीकरण करा. दोन्ही लेखन संपर्कसत्राच्या वेळी समंत्रकांना दाखवा.