शॉकच्या अवस्थेत रक्तदाब राखणारी औषधे

वैद्यकीय परिभाषेत ‘शॉक’ म्हणजे मनाला बसलेला धक्का नव्हे. मेंदू, मूत्रपिंडे आदी अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याची ती प्राणघातक अवस्था होय. तीव्र जंतुसंसर्ग, हृदयविकाराचा झटका, मोठा रक्तस्राव, जुलाब-उलट्या, डेंग्यू व तीव्र ॲलर्जी ही तिची प्रमुख कारणे आहेत.

लक्षणे
हातपाय गार व घामेजलेले, नाडी जलद पण क्षीण, श्वास वेगवान, लघवी कमी, रुग्ण गोंधळलेला किंवा गुंगीत. जंतुसंसर्गात प्रारंभी हातपाय उष्णही असू शकतात.

औषधांचे कार्य
शरीरातील द्रव घटला असल्यास प्रथम सलाईन किंवा रक्त दिले जाते. तेवढ्याने दाब न सावरल्यास नॉरॲड्रेनालिन सैलावलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. सरासरी दाब साधारणतः 65 मिलिमीटरवर राखण्याचा प्रयत्न असतो. हृदयाचे आकुंचन दुर्बल असल्यास डोब्युटामिन त्यास बळ देते. तीव्र ॲलर्जीत मात्र मांडीच्या स्नायूत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन तत्काळ द्यावे लागते.

ही औषधे मूळ रोग बरा करीत नाहीत. त्यावरील उपचारांना अवधी मिळवून देतात.

एकच औषध सर्वांना चालत नाही. लाल विंचवाच्या विषाने प्रथम रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो व हृदय थकते. तेथे वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन उपयुक्त ठरते, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले.

अतिदक्षता विभागात
नॉरॲड्रेनालिन व डोब्युटामिन यांचा प्रभाव काही मिनिटेच टिकतो. म्हणून ती पंपाद्वारे अखंड दिली जातात. पंपास हात लावू नये. सुईच्या जागी सूज वा जळजळ दिसल्यास, बोटे काळी-निळी पडल्यास परिचारिकेस त्वरित सांगावे.

कुटुंबीयांनी काय करावे?
• 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
• रुग्णास सपाट झोपवावे. दम लागत असल्यास बसू द्यावे. शुद्ध हरपून श्वास सुरू असल्यास कुशीवर वळवावे.
• रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे.
• गुंगीतील रुग्णाच्या तोंडात पाणी, चहा घालू नये.
• रक्तदाब कमी करण्याची नेहमीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. मात्र सर्व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात.

रायपूर शहरात एम्स व डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती चिकित्सालय ही मोठी शासकीय रुग्णालये आहेत. घरगुती उपायांत वेळ दवडू नये. शॉकमध्ये प्रत्येक मिनिट मोलाचे असते.