खुनी माहीत असूनही जीव का टांगणीला लागतो?

प्रश्न : ‘दृश्यम’मध्ये खून कुणाच्या हातून झाला ते आपण डोळ्यांनी बघतो. ‘कहानी’त खरी गोष्ट अगदी शेवटी कळते. तरी दोन्ही सिनेमांना थ्रिलरच म्हणतात. यांच्यात सारखं काय आणि वेगळं काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : थ्रिलर बघताना एक हिशेब मनात ठेवून पाहा. पडद्यावरच्या माणसाला किती ठाऊक आहे आणि आपल्याला किती? या दोहोंत अंतर पडलं की थरार सुरू होतो. सगळे थ्रिलर इथे एका गोत्राचे. फरक पडतो तो कुणाचं पारडं जड आहे, यात.

आल्फ्रेड हिचकॉकने 1962 साली फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत याचं एक उदाहरण दिलं होतं. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तोच बॉम्ब आधी दाखवला आणि टेबलाशी बसलेली माणसं निवांत गप्पा मारत राहिली, तर पंधरा मिनिटं प्रेक्षकाचा जीव वरखाली होतो. बोलून मोकळं न होता हिचकॉकने ते करूनही दाखवलं. ‘व्हर्टिगो’ (1958) ज्या फ्रेंच कादंबरीवर बेतला आहे, तिच्यात एका बाईचं रहस्य शेवटापर्यंत राखलेलं आहे. हिचकॉकने ते बरंच आधी प्रेक्षकाला सांगून टाकलं, नायकाला मात्र अंधारात ठेवलं. त्यामुळे ‘ही बाई कोण?’ हा प्रश्न मिटतो आणि ‘याला कळेल तेव्हा काय होईल?’ हा सुरू होतो. मला हा दुसरा प्रश्न कायम जास्त छळतो.

आता तुमचे दोन सिनेमे. जितू जोसेफ यांच्या 2013 च्या मल्याळम ‘दृश्यम’वरून निशिकांत कामत यांनी 2015 मध्ये हिंदी सिनेमा केला. गोव्यातला केबलवाला विजय साळगावकर जेमतेम चौथीपर्यंत शिकलेला, पण सिनेमांवर पोसलेला. खून लपवण्यासाठी कुटुंबाची पणजीची सहल तो 2 आणि 3 ऑक्टोबरच्या खात्यावर टाकतो. भेटेल त्याच्या कानावर बोलता बोलता त्याच तारखा घालतो, इतक्या की साक्षीदार पुढे मनापासून खोटं सांगतात. गुन्हा आपल्याला माहीत, पोलिसांना नाही. म्हणून प्रत्येक जबानीला आपण त्या घरच्यांइतकेच धास्तावतो. पण मृतदेह शेवटी कुठे गेला, हे विजयने आपल्यापासूनही लपवलेलं असतं. म्हणजे रहस्य इथेही आहेच.

सुजॉय घोष यांच्या ‘कहानी’चं (2012) नेमकं उलटं. मोठं रहस्य शेवटापर्यंत झाकलेलं, पण मधला ताण येतो बॉब विश्वासमुळे. हा विम्याचा एजंट सुपारी घेऊन माणसं मारतो, हे आपण पाहिलेलं असतं. त्यामुळे तो नायिका विद्याच्या आसपास फिरू लागला की तिला ओरडून सांगावंसं वाटतं. दोन्ही सिनेमांत दोन्ही युक्त्या आहेत. कुठली पाया म्हणून वापरायची आणि कुठली कळस म्हणून, एवढंच वेगळं.

तिसरा प्रकार आपल्याकडे फार जुना आहे. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964) आणि त्यावरून राज खोसला यांनी केलेला ‘मेरा साया’ (1966) यांत बायको गमावलेल्या वकिलासमोर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी आरोपी उभी राहते आणि मीच तुमची बायको, असं सांगते. इथे अंतर असतं ते त्या आरोपीशी; आपल्याला वकिलाइतकंच ठाऊक असतं, काडीचंही जास्त नाही. तो गोंधळला की आपणही गोंधळतो.

श्रीराम राघवन यांचे दोन सिनेमे लागोपाठ पाहा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘जॉनी गद्दार’मध्ये (2007) पाच भागीदारांतला गद्दार कोण, हे आपल्याला सुरुवातीलाच समजतं. तरी सिनेमा तसूभर सैलावत नाही, कारण आपण नकळत त्या गद्दाराच्याच बाजूने धास्तावू लागतो. ‘अंधाधुन’मध्ये (2018) पुण्यातला आकाश आंधळेपणाचं सोंग घेऊन पियानो वाजवतो. सिमी नावाच्या बाईच्या फ्लॅटमध्ये वाजवता वाजवता त्याला जमिनीवर पडलेलं प्रेत दिसतं. बाथरूममध्ये जातो, तर तिथे पिस्तूलवाला. परत येऊन पुन्हा वाजवायला बसतो आणि त्याच्यासमोरच सिमी आणि तो पिस्तूलवाला प्रेत बॅगेत कोंबू लागतात. त्याला दिसतंय हे आपल्याला माहीत, त्यांना नाही. बोटं थांबली, नजर वळली, तर संपलं. गेल्या काही वर्षांत इतका नेमका बेतलेला प्रसंग मी हिंदीत पाहिलेला नाही. एकदा पाहून त्याची धार जात नाही, कारण त्याचा जोर धक्क्यावर नाही. नुसत्या धक्क्यावर उभे असलेले थ्रिलर दुसऱ्यांदा बघवत नाहीत, ते याच कारणाने.

पण ‘अंधाधुन’ तिथेच थांबत नाही. शेवटाकडे कळतं, की आपण पाहिलं ते आकाश स्वतः त्याची मैत्रीण सोफीला सांगत होता. इतका वेळ आपल्याला सर्वांहून जास्त ठाऊक होतं, अशी आपली खात्री असते. मग शेवटचा प्रसंग येतो आणि आपल्या हाती त्याच्या शब्दाखेरीज काही नव्हतं, हे लक्षात येतं.